एकच जनुक वेगळं होतं का? नॉकआउट उंदरांवरच्या एका प्रयोगाचं प्रकरण

कोल्हापुरातल्या एका संशोधन केंद्रात पीएचडी करणाऱ्या विद्यार्थिनीचा प्रगती अहवाल समितीपुढे आला, तेव्हा त्यातला एक आलेख कोणालाच उलगडेना. ज्या उंदरांना विष दिलंच नव्हतं, नुसतं द्रावण टोचलं होतं, त्यांच्याही यकृतात आणि मूत्रपिंडात पेशींवरच्या ताणाच्या खुणा वर गेलेल्या होत्या. डिसेंबरच्या तुकडीत त्या नव्हत्या, एप्रिलच्या तुकडीत होत्या. तिच्या गाइडना वाटलं, आरएनए काढताना काहीतरी बिघडलं असणार. तिनं साठवलेल्या तुकड्यांमधून आरएनए पुन्हा काढला. उत्तर तेच आलं.

मी त्या केंद्राच्या प्राणी नीतिशास्त्र समितीवर आहे आणि जैवरसायनशास्त्र शिकवते. हे प्रकरण सविस्तर लिहायचं ठरवलं, कारण असे प्रयोग आता मोठ्या शहरांपुरते राहिलेले नाहीत. छोट्या केंद्रांमध्येही जनुकीय बदल केलेले उंदीर येऊ लागले आहेत, आणि त्यांच्याबरोबर काय काय येतं याची चर्चा मात्र फारशी होत नाही. विद्यार्थिनीची परवानगी घेतली आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, केंद्राचं आणि वनस्पतीचं नाव दिलेलं नाही.

प्रश्न काय होता

पेशीच्या आंतर्द्रव्यजालिकेत, म्हणजे पेशीतल्या पडद्यांच्या जाळ्यात, प्रथिनांची घडी बसते. घडी नीट न बसलेली प्रथिनं साचू लागली की पेशी तीन टप्प्यांनी सावरू पाहते. गुऱ्हाळावर काहील उतू जायला लागली की आधी जाळ कमी करतात, मग मळी काढायला जास्तीचा माणूस लावतात, आणि तरीही रस करपायला लागला तर ती काहील सोडून देतात. पेशीचा क्रम साधारण असाच आहे. पर्क नावाचं प्रथिन नवीन प्रथिनांची निर्मिती मंदावतं. आयआरई-1 आणि एटीएफ-6 हे दोघं घडी घालणाऱ्या आणि बिघडलेली प्रथिनं बाहेर काढणाऱ्या यंत्रणेची जनुकं चालू करतात. एवढं करूनही भागलं नाही तर चॉप नावाचं प्रथिन वाढतं आणि पेशी मरणाच्या वाटेला लागते. या यंत्रणेची उकल करणाऱ्या पीटर वॉल्टर आणि काझुतोशी मोरी यांना 2014 साली लास्कर पुरस्कार मिळाला.

विद्यार्थिनीकडे राधानगरीच्या बाजूला मिळणाऱ्या एका वनस्पतीचा अर्क होता. ट्युनिकामायसिन टोचलं की उंदराच्या मूत्रपिंडातल्या नलिकांच्या पेशी मरतात, कारण हे रसायन प्रथिनांना शर्करेच्या साखळ्या जोडण्याचं पहिलंच पाऊल अडवतं आणि घड्या बिघडतात. अर्क आधी दिला तर इजा कमी होते आणि चॉपही कमी दिसतं, एवढं तिला साध्या उंदरांवर आढळलं होतं. बहुतेक प्रबंध इथंच थांबतात. ‘अर्क चॉप कमी करून मूत्रपिंड वाचवतो’ असं वाक्य लिहिलं जातं आणि निबंध छापूनही येतो.

पण पेशी कमी मेल्या म्हणून चॉप कमी दिसलं, की चॉप कमी झालं म्हणून पेशी वाचल्या? साध्या उंदरावर याचं उत्तर मिळत नाही. चॉपचं जनुकच काढून टाकलेला, म्हणजे नॉकआउट, उंदीर हवा. अर्क खरोखर चॉपमार्फत काम करत असेल, तर चॉप नसलेल्या उंदरात त्याला करण्यासारखं काही उरणार नाही. तिथंही अर्कानं तेवढीच मदत केली, तर त्याची वाट वेगळी आहे. मला तिचा हा प्रस्ताव मनापासून आवडला होता. थोड्या उंदरांत थेट उत्तर देणारी अशी मांडणी फार कमी अर्जांत दिसते.

उंदराची निवडही विचार करून केली होती. ताणाच्या यंत्रणेतलं कुठलंही जनुक काढून चालत नाही. एक्सबीपी-1 (आयआरई-1 ज्याच्यामार्फत काम करतं ते जनुक) पूर्ण काढलं तर गर्भच जगत नाही. पर्क काढलेली पिल्लं जन्माला येतात, पण पुढच्या काही आठवड्यांत त्यांच्या स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मरतात आणि त्यांना मधुमेह होतो. हे 2001 मध्ये दिसलं. माणसात हेच जनुक बिघडलेलं असलं की वोल्कॉट-रॅलिसन सिंड्रोम होतो आणि तान्ह्या वयातच मधुमेह सुरू होतो. चॉप नसलेले उंदीर मात्र धडधाकट वाढतात, त्यांना पिल्लंही होतात. शिवाय ट्युनिकामायसिननं त्यांच्या मूत्रपिंडाला कमी इजा होते हे 1998 पासून माहीत आहे. म्हणजे तिचा पहिला निकाल काय यायला हवा हे आधीच ठाऊक होतं, आणि त्यावरून आपली पद्धत बरोबर चालली आहे का हेही तपासता येणार होतं.

उंदरांच्या जोड्या बाहेरच्या एका संस्थेकडून आल्या. परवानग्यांच्या पायऱ्या नेहमीच्याच होत्या: प्राण्यांसाठी सीसीएसईएचा (प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय समितीचा) फॉर्म बी आणि आमची समिती, जनुकीय बदलासाठी 1989 च्या नियमांप्रमाणे जैवसुरक्षा समिती. त्यात अडचण आली नाही.

आलेखामागचं पहिलं कारण

एप्रिलच्या तुकडीचं कोडं सुटलं ते अ‍ॅनिमल हाऊसमधल्या मामांच्या वहीमुळे. पिंजरे साफ करणं, तूस बदलणं, पाणी भरणं हे सगळं काम मामांचं. केंद्राच्या अधिकृत रजिस्टरमध्ये तापमान रोज सकाळी साडेदहाला लिहिलं जातं, आणि तिथं सगळे आकडे 23-24 च्या आसपास होते. मामांची वही वेगळी होती. शाळकरी दोनशे पानी वही, त्यात तारीख आणि पुढं जे दिसलं ते: ‘सं. 5 लाईट गेली. रात्री 9 ला आली. सगळे लांब लांब पडलेले. मानेखाली ओले.’

मी ती ओळ वाचली आणि तिथंच थांबले. उंदीर थंडीत एकमेकांना बिलगून घरट्यात दडतात. उकाडा असह्य झाला की एकमेकांपासून लांब, पोट जमिनीला टेकवून पसरतात आणि लाळ अंगाला लावून अंग थंड करू पाहतात. मानेखालचे ओले केस म्हणजे ती लाळ. मामांनी यातलं शरीरशास्त्र वाचलेलं नव्हतं, पण जनावर त्रासात आहे हे त्यांना कळलं होतं आणि त्यांनी ते लिहून ठेवलं होतं.

एप्रिल-मेमध्ये कोल्हापुरात दुपारचा पारा 38 च्या पुढे जातो आणि संध्याकाळी वळीव येतो. वारा सुटला, कुठंतरी झाड तारांवर पडलं की वीज जाते. केंद्राच्या जनरेटरवर उणे 80 अंशांचे फ्रीझर आणि दिवे होते, अ‍ॅनिमल हाऊसचे एसी नव्हते. फ्रीझरमधले नमुने वर्षानुवर्षांचे, म्हणून ते आधी, असा तो निर्णय झाला असणार. तो घेणाऱ्यांना दोष देण्यासारखं मला काही वाटत नाही. पण बंद खोली, पन्नासेक पिंजरे, वारा नाही.

‘मॅडम, लाईट गेली की त्या खोलीत पाच मिंटं उभं ऱ्हावत न्हाई,’ मामा म्हणाले. ‘मी सांगितलं हुतं की सायबास्नी.’

हे अंदाजावर सोडायचं नव्हतं. उष्णतेला पेशी आणखी एका यंत्रणेनं उत्तर देते. ती 1962 मध्ये फेरुचियो रितोसा यांना फळमाशीत दिसली होती: उष्णता वाढल्यावर लाळग्रंथींतल्या गुणसूत्रांवर ठरावीक जागी फुगवटे आले. त्यातूनच पुढं एचएसपी-70 सारखी उष्माघात प्रथिनं माहीत झाली. विद्यार्थिनीकडे एप्रिलच्या तुकडीचं यकृत गोठवून ठेवलेलं होतं. तिनं त्यात एचएसपी-70 पाहिलं. नुसतं द्रावण टोचलेल्या उंदरांत ते डिसेंबरच्या तुकडीपेक्षा ठळकपणे जास्त होतं. तिचं आरएनएचं काम निर्दोष होतं. प्रयोगाच्या आदल्या संध्याकाळी सगळ्याच उंदरांनी, सगळ्याच गटांनी, एक न सांगितलेला प्रयोग सोसला होता.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. आपल्याकडच्या मार्गदर्शक तत्त्वांत प्रयोगशाळेतल्या प्राण्यांच्या खोलीचं तापमान साधारण 18 ते 29 अंशांच्या पट्ट्यात ठेवावं असं आहे. जनावराला क्रूरपणे वागवलं जात नाही ना, हे पाहायला तो पट्टा पुरेसा आहे. पेशींवरचा ताण मोजायला मात्र तो फार रुंद आहे. उंदराला स्वतःची उष्णता राखण्यासाठी जास्तीची ऊर्जा खर्चावी लागत नाही असं तापमान जवळजवळ 30 अंश असतं. म्हणजे 20-22 अंशांच्या नेहमीच्या प्रयोगशाळेतला उंदीर आधीच गारठ्याशी झगडत असतो, तो जास्त खातो, त्याच्या हृदयाचे ठोके जास्त असतात. 19 अंश आणि 28 अंश दोन्ही नियमात बसतात, पण ताणाच्या दृष्टीनं ते दोन वेगळे प्राणी आहेत. नियमात बसलं म्हणून प्रश्न संपला, असं या विषयात समजता येत नाही, हे मी आता प्रत्येक बैठकीत बोलते.

दुसरं कारण, जास्त खोलवरचं

उष्णतेचा मुद्दा सुटल्यावर सगळ्यांना हायसं वाटलं. एप्रिलची तुकडी बाद करा, हिवाळ्यात पुन्हा करा, झालं. गाइडही त्याच मताचे होते. पण विद्यार्थिनीनं स्वतःहून एक प्रश्न विचारला आणि त्यासाठी तिचं कौतुक वाटतं: ‘मॅडम, डिसेंबरच्या तुकडीतले साधे उंदीर आपण विकत घेतले होते, नॉकआउट आपल्याकडे जन्मले. हे चालतं ना?’

ते चालत नव्हतं. दोन्ही गटांच्या पिंजऱ्यांच्या कार्डांवर ‘ब्लॅक सिक्स’ एवढंच होतं. सी-57-ब्लॅक-6 हा जगात सर्वाधिक वापरला जाणारा काळा उंदीर. पण 1951 मध्ये त्याची एक शाखा जॅक्सन लॅबोरेटरीतून अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत गेली आणि तिथून दोन घराणी वेगळी वाढली, एक जे आणि एक एन. तेव्हापासून दोन्हींत आपापले बदल साचत गेले. जे घराण्यात एनएनटी नावाच्या जनुकाचा मोठा तुकडाच गळालेला आहे. हे जनुक मायटोकाँड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरात, एनएडीपीएच नावाचा रेणू तयार करायला मदत करतं, आणि ऑक्सिडीकरणाच्या माऱ्यातून पेशीला सावरणाऱ्या ग्लुटाथायोनला पुन्हा कामाला लावायला तेच एनएडीपीएच लागतं. इन्सुलिन स्रवण्यावरही या फरकाचा परिणाम होतो. एन घराण्यात एनएनटी शाबूत असतं.

पेशींवरच्या ताणाचा अभ्यास करणाऱ्यासाठी याहून गैरसोयीचा फरक शोधून सापडायचा नाही. एनएनटी तपासायला साधा पीसीआर (डीएनएचा ठरावीक तुकडा वाढवून पाहणारी चाचणी) पुरतो, शेपटीच्या टोकाचा किंवा कानाचा कण घ्यायचा आणि संध्याकाळपर्यंत उत्तर मिळतं. जेलवर पट्टे आले तेव्हा आम्ही तिघं समोर उभे होतो. विकत घेतलेल्या सगळ्या उंदरांचे पट्टे एका उंचीवर, नॉकआउटचे सगळे दुसऱ्या. साधे उंदीर एन घराण्यातले होते, नॉकआउट जे घराण्यातले. चॉप आहे आणि चॉप नाही, अशी तुलना आपण करतोय असं तीन वर्षं सगळे समजत होते. प्रत्यक्षात एकीकडे चॉप आणि एनएनटी दोन्ही होतं, दुसरीकडे दोन्ही नव्हतं.

ही चूक एखाद्या छोट्या केंद्रातल्या अननुभवी माणसांची आहे असं कुणी समजू नये. कॅस्पेज-1 हे दाहाशी संबंधित जनुक काढलेला उंदीर 1995 पासून जगभर वापरात होता. त्याच्यावर दाहाविषयी कितीतरी निष्कर्ष काढले गेले. 2011 मध्ये कळलं की ‘129’ नावाच्या ज्या उंदरांच्या जातीच्या मूळपेशींपासून तो बनवला, त्या जातीत शेजारचं कॅस्पेज-11 आधीपासूनच निकामी होतं. दोन्ही जनुकं एकमेकांना इतकी लागून आहेत की कितीही पिढ्या संकर केला तरी ती सोबतच आली. कॅस्पेज-1 च्या नावावर जमा झालेल्या काही गोष्टी खरं तर कॅस्पेज-11 च्या होत्या.

आमच्या प्रकरणातही ही दुसरी जोखीम आहेच. चॉपचा नॉकआउटही मुळात 129 च्या पेशींपासून बनवून ब्लॅक सिक्समध्ये आणलेला आहे. दहा पिढ्या संकर केला तरी काढलेल्या जनुकाच्या दोन्ही बाजूंना 129 चा तुकडा चिकटून राहतो, आणि एकाच विणीतली भावंडं घेऊन हा दोष जात नाही. तो घालवायचा तर शुद्ध घराण्यात क्रिस्पर या जनुक कापण्याच्या तंत्रानं नवा नॉकआउट बनवावा लागेल, नाहीतर काढलेलं जनुक परत घालून परिणाम उलटतो का ते पाहावं लागेल. दोन्ही तिच्या आवाक्याबाहेरचं होतं. म्हणून प्रबंधात ही मर्यादा स्पष्ट लिहायची, असं ठरलं.

समितीतला वाद

एनएनटीचा दोष मात्र घालवता येणारा होता. गाइडनी पहिला आराखडा आणला: नॉकआउटचा संकर केंद्रातल्याच एन उंदरांशी करायचा, पुढच्या पिढीत भावंडांचा आपसात संकर करून साधे आणि नॉकआउट एकाच विणीतून घ्यायचे. वरवर चांगला. पण चॉपचं जनुक दहाव्या गुणसूत्रावर आहे आणि एनएनटी तेराव्यावर, त्यामुळे दोन्ही स्वतंत्रपणे वाटली जातात. चॉप नसलेला आणि एनएनटी शाबूत असलेला उंदीर सोळातून एक मिळणार, तसाच चॉप असलेला आणि एनएनटी शाबूत असलेला सोळातून एक. बाकी चौदा वाया. मी याला विरोध केला आणि आजही त्यावर ठाम आहे.

दुसरा मार्ग लांबचा होता. ज्या संस्थेकडून नॉकआउट आले तिथूनच जे घराण्यातले साधे उंदीर आणायचे, त्यांच्याशी संकर करायचा. मग सगळ्या पिढ्यांत एनएनटी सारखंच गळालेलं राहतं, आणि पुढच्या संकरात चारातला एक साधा, एक नॉकआउट, दोन मिश्र (चॉपची एकच प्रत असलेले). यात आठ-नऊ महिने जाणार होते. विद्यार्थिनीची फेलोशिप संपत आलेली. गाइड बैठकीत स्पष्ट म्हणाले, ‘मुलीचं वर्ष जातंय, आणि तुम्ही म्हणताय तो फरक निकालात दिसेलच असं नाही.’

त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. समितीतल्या पशुवैद्यांनी विचारलं, मिश्र उंदरांचं काय करणार? निम्मी पिल्लं प्रयोगात लागणारच नाहीत, मग ती जन्माला घालायची कशासाठी? मला हा प्रश्न सगळ्यात जड गेला. चुकीच्या तुलनेवर वापरलेले सगळे उंदीर फुकट जातात हे खरं, पण बरोबर तुलनेसाठीही निम्मे जास्तीचे जन्माला घालावे लागतात हेही तितकंच खरं. शेवटी अट अशी ठरली की मिश्र उंदरांची यादी आधीच ठेवायची: खोलीचं तापमान आणि वजन यांच्या नोंदी, इंजेक्शनचा सराव, आणि मूत्रपिंडाच्या पेशी वेगळ्या काढून वाढवण्याचं काम त्यांच्यावर. त्यासाठी वेगळे उंदीर मागायचे नाहीत. फेलोशिपसाठी संस्थेनं मुदतवाढीचं पत्र दिलं.

आणखी काही अटी घातल्या. फक्त नर घ्यायचे, कारण ट्युनिकामायसिननं नरांच्या मूत्रपिंडाला मादींपेक्षा जास्त इजा होते आणि दोन्ही मिसळले तर गट विस्कळीत होतो. सगळं विच्छेदन सकाळी ठरलेल्या वेळीच, कारण यकृतात आयआरई-1 ची हालचाल सुमारे बारा तासांच्या लयीत वर-खाली होते. अ‍ॅनिमल हाऊसचे एसी जनरेटरवर, आणि खोलीत चोवीस तास नोंद करणारं तापमान यंत्र. मामांची वही अधिकृत रजिस्टरला जोडायची, हा ठराव मी मांडला आणि एकमतानं झाला.

खाद्याचा मुद्दा मामांनीच काढला. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं, वाहतूक कित्येक दिवस बंद होती, आणि तेव्हा खाद्याची पोती संपत आली होती. 2021 च्या जुलैमध्ये पुन्हा पूर आला. खाद्य कमी पडलं किंवा दुसरंच आणलं, तर प्रथिनांचं प्रमाण बदलतं. अमिनो आम्लांची टंचाई ओळखणारं जीसीएन-2 हे प्रथिन पर्कचंच भावंड आहे, आणि दोघंही पेशीत एकाच ठिकाणी ब्रेक लावतात. पावसाळ्याआधी संपूर्ण प्रयोगाला पुरेल एवढं एकाच लॉटचं खाद्य घेऊन ठेवायचं ठरलं.

नवीन निकाल

प्रयोग नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत झाला. द्रावण टोचलेल्या उंदरांत ताणाच्या खुणा सगळ्या तुकड्यांत खाली राहिल्या. ट्युनिकामायसिननंतर चॉप नसलेल्या भावंडांची मूत्रपिंडं साध्यांपेक्षा चांगली राहिली, 1998 च्या कामात दिसलं होतं तसंच. हा फरक आधीच्या तुकड्यांपेक्षा स्वच्छ होता. यात उष्णतेचा वाटा किती आणि एनएनटीचा किती, हे वेगळं करता येत नाही. दोन्ही एकदम दुरुस्त केलं होतं.

अर्काचा निकाल वेगळाच निघाला. साध्या उंदरांत त्यानं इजा कमी केली. चॉप नसलेल्या उंदरांतही केली, जवळजवळ त्याच प्रमाणात. म्हणजे तिचं मूळ गृहीतक पडलं. चॉप कमी दिसत होतं ते इजा कमी झाल्यामुळे. विद्यार्थिनी हा आलेख घेऊन आली तेव्हा खट्टू होती. मला मात्र तो तिच्या सगळ्या कामातला सर्वात चांगला आलेख वाटला, आणि मी तसं तिला सांगितलं, कारण साध्या उंदरांवर हजार वेळा प्रयोग करूनही तो मिळाला नसता.

अर्क दिलेल्या गटात बिप (घडी घालायला मदत करणारं प्रथिन) आणि एक्सबीपी-1 च्या खुणाही खाली होत्या. म्हणजे अर्काचं काम यंत्रणेच्या अगदी सुरुवातीला, किंवा तिच्याही आधी, कुठंतरी होतंय. यातून एक शंका निघते आणि ती आधी मिटवायला हवी. ट्युनिकामायसिनला पेशीत शिरायला एमएफएसडी-2ए नावाच्या वाहक प्रथिनाचा आधार लागतो, हे 2011 मध्ये कळलं. अर्क मूत्रपिंड वाचवत नसून फक्त विषाला आत येऊ देत नसेल, तर औषध म्हणून त्याचा उपयोग शून्य आहे.

सध्या ती मिश्र उंदरांच्या मूत्रपिंडातून काढलेल्या नलिकांच्या पेशी वाढवते आहे. अर्ध्या थाळ्यांना ट्युनिकामायसिन, अर्ध्यांना थॅप्सिगार्गिन, जे आंतर्द्रव्यजालिकेत कॅल्शियम भरणारा पंप बंद करून तसाच ताण आणतं. दोन्हींत अर्कानं पेशी वाचल्या तर पुढचा अर्ज आमच्याकडे येईल. फक्त पहिल्यात वाचल्या, तर या अर्कासाठी आणखी उंदीर मागायचे नाहीत, असं तिनं स्वतःच लिहून दिलं आहे.